तळ्याकाठची कणीक

सप्टेंबर उतरणीला लागला की खानोलकर काकांचा फोन येतो. "मंजू, वर पानं पिवळी व्हायला लागली," एवढंच म्हणतात आणि ठेवून देतात. वर म्हणजे सिएरा नेवाडाच्या डोंगरांत, आमच्या कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारापासून दिवसभराच्या ड्राइव्हवर. इथे खाली झाडांना त्याची अजून खबर नसते. इथे सप्टेंबर म्हणजे पांढरं ऊन, वाळून गेलेल्या टेकड्या आणि ऑफिसातला एसी. पण तो फोन आला की मी हातातलं काम टाकून गराजमध्ये जाते, वरच्या फळीवरची कापडी पिशवी काढते आणि तिच्यातल्या काठीचे तुकडे जोडून बघते. ट्राउट मासे पकडायची काठी आहे ती. लांबलचक, लवचीक, हातात धरली तर वजन जाणवू नये इतकी हलकी. तिच्या मुठीवर आईच्या जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळलेली आहे. ही पट्टी काढायची नाही, असं मी दरवर्षी नवऱ्याला, नितीनला, बजावते. त्याने तसं कधी सुचवलेलंही नसतं.

त्या पट्टीला अजून खोबरेल तेलाचा वास येतो. नितीन म्हणतो, "काहीतरीच यार, इतक्या वर्षांनी कसला वास?" येतो. मला येतो.

ते दोन हजार तीन साल होतं. आमच्या भागातल्या काचेच्या इमारतींवर भाड्याने देण्याच्या पाट्या लागल्या होत्या. ओळखीतली कितीतरी कुटुंबं सोफे आणि टीव्ही विकून पुण्याला नाहीतर नागपूरला परत गेली होती. नितीनच्या कंपनीत दर शुक्रवारी कुणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं आणि सोमवारी त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. अशा दिवसांत आई आली. मे महिना होता. विमानतळावर व्हीलचेअरला ठाम नकार देऊन, ट्रॉली डाव्या हाताने ढकलत ती बाहेर आली. उजवा हात पदराखाली होता. मी मिठी मारली तेव्हाही तिने तो बाहेर काढला नाही.

वाईला आमचं दोन खोल्यांचं बैठं घर आहे, नदीपासून अगदी जवळ. आई तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायची. बाबा गेल्यावर ती एकटी राहू लागली आणि एकटं राहणं तिला मानवलंही. सकाळी अंघोळ झाली की परातीत आपल्यापुरती कणीक मळायची, त्यातली मूठभर बाजूला काढून तिचे हरभऱ्याएवढे गोळे करायचे, ते डब्यात भरून घाटावर जायचं आणि माशांना घालायचे. मग घरी येऊन उरलेल्या कणकेच्या पोळ्या. हा नेम कुठल्या व्रताचा नव्हता. "कुणाला तरी घातल्याशिवाय एकटीने काय जेवायचं," एवढंच तिचं म्हणणं. त्याच घाटावर हिवाळ्यातल्या एका सकाळी शेवाळलेल्या पायरीवरून तिचा पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण मनगट वाकेना आणि मूठ मिटेना.

शिरीषदादा, माझा मोठा भाऊ, पुण्यात राहतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. वाईचं घर भाड्याने देऊ, तू आमच्याकडे ये, आता एकटी राहायचं वय नाही. तो वावगं काही बोलत नव्हता आणि वहिनीही स्वभावाने चांगली आहे. पण आईला दुसऱ्याच्या ओट्यापाशी पाहुणीसारखं उभं राहायचं नव्हतं. शेवटी तिनेच अट घातली. "दिवाळीपर्यंत थांब. तोवर माझी कणीक मला मळता आली तर मी माझ्या घरी राहीन. नाही आली तर किल्ली तुझ्या हातात देईन." दादाने कबूल केलं. आणि ती किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात घालून आई माझ्याकडे आली.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. काही बिघडलेलं दिसलं की ते दुरुस्त होईपर्यंत मला चैन पडत नाही, आणि इथे तर आईचा हात बिघडला होता. मी कंबर कसून कामाला लागले. मिठाचं गरम पाणी, खोबरेल तेलाचं मालिश, वर जुन्या साडीच्या पट्टीने बांधणं, आणि मुख्य म्हणजे दाबायला मऊ रबरी चेंडू. दुपारी ऑफिसातून फोन करून मी विचारायचे, "चेंडू दाबलास का?" "दाबला," असं उत्तर यायचं. संध्याकाळी घरी येऊन पाहावं तर चेंडू पॅटिओतल्या कुंडीत टोमॅटोच्या रोपाला टेकू देत असायचा.

"आई, अगं असं कसं चालेल? डेली करायला हवं ते."

"चेंडू दाबून चेंडूला काय मिळतं आणि मला काय मिळतं, मंजे?"

 मी चेंडू धुऊन पुन्हा तिच्या उशाशी ठेवायचे.

जूनमध्ये एकदा मी लवकर घरी आले. ओट्यावर परात होती आणि आईची पाठ माझ्याकडे होती. ती उजव्या हाताने पिठावर दाब देत होती आणि तिचा तळवा परातीला टेकतच नव्हता. कणीक मळायला मनगट किती वाकावं लागतं, हे मला तेव्हा प्रथम दिसलं. मग तिने डावा हात लावून पाहिला. पीठ भुसभुशीतच राहिलं, कडेला पाणी साचलं. बराच वेळ ती नुसती उभी राहिली. मग तो गोळा पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून तिने कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी दडपला. अन्न टाकणारी बाई नाही ती. मी आवाज न करता मागे सरकले, बाहेर गेले आणि दार जोरात आपटून पुन्हा आत आले. जेवायला फ्रोझन रोट्या गरम केल्या. आईने त्यांचं तोंडभरून कौतुक केलं, किती सोय आहे म्हणाली. त्या कौतुकाने मला रडू आलं.

त्यानंतर कणकेचा विषय घरात निघाला नाही.

खानोलकर काका आमच्याच गल्लीत कोपऱ्यावरच्या घरात राहतात. मूळचे वेंगुर्ल्याचे. शिकायला म्हणून इकडे आले तेव्हा, त्यांच्या सांगण्यानुसार, अख्ख्या गावात हळद मिळत नव्हती. आता रिटायर झालेत. काकू त्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला सिॲटलला गेल्या होत्या, त्यामुळे काकांना संध्याकाळी घर खायला उठायचं. त्यांना ट्राउटचं वेड. नोकरीच्या काळजीने नितीनची झोप उडाली आहे हे कळल्यावर त्यांनी त्याला सरळ पार्कात ओढून नेलं. "डोकं रिकामं करायचंय ना? मग दोरी टाकायला शीक." मागोमाग मीही जाऊ लागले, आणि घरात एकटी कशाला बसतेस म्हणून आईलाही बाकावर नेऊन बसवू लागले.

ह्या मासेमारीत गळाला शिसं नसतं की गांडूळ नसतं. टोकाला पिसांची आणि दोऱ्याची बांधलेली खोटी माशी असते, फुंकर मारली तर उडेल अशी. ती लांब पाण्यावर जाऊन बसते ती दोरीच्या वजनाने. काठी मागे न्यायची, थांबायचं, दोरी पाठीमागे हवेत सरळ होऊ द्यायची, मग काठी पुढे आणायची. सगळं कसब त्या थांबण्यात आहे, कारण पाठीमागची दोरी आपल्याला दिसत नसते. आणि दुसरा नियम म्हणजे मनगट वाकवायचं नाही. जोर कोपरापासून यायला हवा. मनगट वाकलं की काठी फार मागे जाते आणि दोरी गवतात लोळण घेते.

पार्कात सरावासाठी काका माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधायचे. नितीनची लोकर दर वेळी मागच्या झाडाला लागायची. माझी दोरी चाबकासारखी कडाडायची, कारण मला थांबवतच नव्हतं. काका सगळ्या पार्कला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "मनगट, नितीन. मंजू, मनगट. अरे, किती वेळा सांगू, मनगट लॉक करा."

बाकावरून हसण्याचा आवाज आला. आई हसत होती, आल्यापासून प्रथमच इतकी मोकळी.

"भाऊ," ती म्हणाली, "ज्याला मनगट वाकवताच येत नाही, तो चालेल का?"

काकांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "बाई, या इकडे," ते म्हणाले. ती शिक्षिका होती हे कळल्यापासून ते तिला बाईच म्हणायचे.

मूठ पुरती मिटत नव्हती, त्यामुळे काठी बोटांतून निसटू लागली. आईने हातावर बांधलेली तेलकट पट्टी सोडून दिली आणि काकांनी ती माझ्या काठीच्या मुठीवर गुंडाळली. जाड झालेली मूठ तिच्या अर्धवट मिटलेल्या बोटांत नीट बसली. काठी मागे गेली. आई थांबली. इतकी थांबली की ती पुढचं विसरली असं मला वाटलं. मग काठी पुढे आली, दोरी तिच्या डोक्यावरून उलगडत गेली आणि लाल लोकर लांब गवतावर अलगद टेकली. 

"बरोबर आलं का?" आईने विचारलं.

"बाई," काका म्हणाले, "ह्या दोघांना तुमच्याकडे शिकवणीला लावायला हवं."

मला वाटतं, जन्मभर पहिलीच्या वर्गाला शिकवलेल्या माणसाला थांबता येतं. एखादं पोर पाटीवर 'क' काढत असतं, अर्ध्यावर अडतं, जीभ बाहेर काढून विचार करतं. तेव्हा त्याचा हात धरायचा नाही, पुढचं सांगायचं नाही, खिडकीबाहेर बघत उभं राहायचं. आई तशी उभी राहायची हे मी लहानपणी पाहिलं होतं. मला मात्र ते कधी जमलं नाही. माझ्या हाताखालच्या मुलांचा कोड मी अजूनही त्यांच्या आधी दुरुस्त करून मोकळी होते.

मग जुलै आणि ऑगस्टच्या सगळ्या संध्याकाळी आम्ही पार्कात घालवल्या. गुडघ्यापर्यंत वर खोचलेली सुती साडी, पायात माझे पांढरे स्नीकर्स, आणि हिरवळीच्या मधोमध काठी घेऊन उभी असलेली आई. पलीकडे एक चिनी आजी संथपणे हातवारे करत व्यायाम करायची. ती आईकडे पाहून मान झुकवायची, आईही झुकवायची. दोघींमध्ये ह्यापलीकडे एक अक्षर बोलणं झालं नाही, पण ती आजी एखाद्या दिवशी दिसली नाही तर आई चुटपुटत राहायची. कापलेल्या गवताचा वास, फवाऱ्यांची टिकटिक, उशिरापर्यंत रेंगाळणारं ऊन. आईच्या बोटांत हळूहळू काहीतरी सैल होत होतं. ती कपाची दांडी उजव्या हाताने धरू लागली. एकदा तिने माझ्या केसांतला गुंता सोडवला, उजव्या हाताने, आणि मी श्वास रोखून बसून राहिले. चेंडूला कुणी हात लावला नव्हता. टोमॅटो मात्र भरपूर आले.

काकांकडे खोट्या माश्यांची एक डबी होती, कप्प्याकप्प्यांची. आईला ती डबी फार आवडायची. इवलीशी पिसं, त्यावर दोऱ्याचे वेढे, तपकिरी, राखाडी, हिरव्या रंगांचे.

"हे खातात मासे?" तिने विचारलं.

"खात नाहीत. फसतात."

"मग तुम्ही त्यांना घरी आणून खाता."

"छे हो. सोडून देतो."

आईने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही वेंगुर्ल्याचे, मासे खाणारे. उपाशी जिवाला खोटं अन्न दाखवायचं, तोंडात आकडा घालून ओढायचं, आणि मग सोडून द्यायचं? खाल्लंत तर मला कळेल तरी."

काकांनी डबीचं झाकण लावलं. "पहिल्या वर्षी खाल्ले, बाई. पण समुद्राची चव नाही हो त्यांना. मग नुसतं बघून सोडायला लागलो. आता बघितल्याशिवाय राहवत नाही."

"बघायला आकडा कशाला लागतो?"

"इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही," काका म्हणाले. "बायकोनेसुद्धा."

सप्टेंबरमध्ये दादाचा फोन आला. भाडेकरू मिळाले होते. चांगले लोक होते, बँकेत नोकरी करणारे, आणि त्यांना लवकर उत्तर हवं होतं. "आईला विचारून सांग," तो म्हणाला, "पण हाताचं खरं काय ते मला सांग, मंजू. मला तिला पुन्हा घाटावर पडलेली बघायची नाही." त्याचा आवाज थकलेला होता. मी खरं तेच सांगितलं. कप धरते, केस विंचरते, कणकेचं माहीत नाही. आई शेजारच्या खोलीत होती. तिने ऐकलं असणार, कारण नंतर बराच वेळ ती पर्सच्या आतल्या कप्प्याशी चाळा करत बसली होती. "डोंगरावरून आलो की सांगते म्हणावं त्याला," ती एवढंच म्हणाली.

कारण आम्ही डोंगरावर निघालो होतो. त्या तळ्याचं नाव मी सांगणार नाही, काकांनी तशी शपथ घातली आहे. रस्ता चढत गेला, ओक मागे पडले, पाइन आले, मग करडे कातळ आले, आणि खिंडीपलीकडे उतरल्यावर ॲस्पनची झाडं दिसली, अर्धी हिरवी, अर्धी पिवळी. आई खिडकीला नाक लावून बसली होती. नितीनने एकदा विचारलं, "आई, श्वासाला त्रास नाही ना? अल्टिट्यूड आहे म्हणून विचारतो." "मला काही झालेलं नाही," आई म्हणाली, "तू रस्त्याकडे बघ." आम्ही एक लाकडी केबिन घेतली होती. छोटा ओटा, दोन भांडी, एक काळा बिडाचा तवा. मी डब्यात फ्रोझन रोट्या, लोणचं आणि बटाट्याची भाजी घेतली होती. आईची वेगळी कापडी पिशवी होती. तिच्यात काय आहे ते मी विचारलं नाही.

सकाळी मी उठले तर आई तयार होऊन दाराशी बसली होती, स्वेटर, कानाला स्कार्फ आणि मांडीवर स्टीलचा डबा. मला वाटलं लाडू असतील.

तळ्यावर धुकं होतं. समोरच्या कड्यावर ऊन होतं, आमच्यावर अजून सावली होती, आणि थंडी बोटांच्या टोकांना झोंबत होती. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड दिसत होते. मधूनच पाण्यावर एक गोल वलय उठायचं आणि पसरत जायचं. "तो बघा, तो वर आला," काका कुजबुजले. त्यांनी कमरेपर्यंतचे रबरी कपडे चढवले आणि हातातली दुसरी काठी, निसरड्या दगडांवर टेकायची, टेकत पाण्यात शिरले. नितीन त्यांच्या मागोमाग गेला. आई काठावरच्या सपाट खडकावर बसली. काकांची दोरी मागे गेली, थांबली, पुढे आली. माशी पाण्यावर टेकली. काही झालं नाही. पुन्हा. पुन्हा. त्या सकाळी ट्राउट काकांच्या माशीकडे ढुंकून बघायला तयार नव्हते.

मी चहाचा थर्मास आणायला गाडीकडे गेले. परत येताना पाण्याचा आवाज ऐकला. आईच्या पायांशी तळं नुसतं खळबळत होतं. पाठी, शेपट्या, कुशींवरचे गुलाबी पट्टे, ठिपके, सगळे एकमेकांवर चढत होते. आई डब्यातून काहीतरी काढून एकेक गोळा टाकत होती, घाटावर टाकायची तसा, मनातल्या मनात कुणाला तरी हाक मारत असल्यासारखी. काका काठी बगलेत मारून, तोंड उघडं टाकून उभे होते.

"बाई," त्यांना शेवटी शब्द सुचले, "बाई, प्लीज बंद करा. इथे पाण्यात खायला टाकणं अलाउड नाही. रेंजर आला तर फाइन लावेल."

"जेवू घालायला दंड?"

"हो बाई. नियम आहे. असं खाऊन ते बिघडतात, पाणीही बिघडतं."

आईने पाण्याकडे पाहिलं, नियमाचा विचार केला. ती शाळेतली बाई आहे, नियम म्हटलं की ती ऐकते. "मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली आणि झाकण लावू लागली. नितीन हसू आवरत म्हणाला, "काका, तुम्ही गेली कित्येक वर्षं उगाच पिसं बांधताय यार." काकाही हसायला लागले, पाण्यात उभ्या उभ्या, डोळे पुसत.

मी हसत नव्हते. मी डबा बघत होते. झाकण लागण्याआधी मला आतले गोळे दिसले होते. गुळगुळीत, घट्ट, एकसारखे. एकालाही भेग नव्हती.

"आई, ही कणीक कुणी मळली?"

"कोण मळणार? तू?"

मी थर्मास खडकावर टेकवला. "कधी?"

"सकाळी. तुम्ही उठायच्या आधी. पीठ बरोबर आणलं होतं." मग ती जरा लाजल्यासारखी झाली. "मनगट वाकतच नाही गं अजून. पण उभ्याने ओट्यावर कशाला मळायची म्हटलं, खाली जमिनीवर बसले. पातेलं पायांत धरलं. आणि भाऊ सांगतात तसं केलं, कोपरापासून. मुठीने दाबायचं, मनगट घट्ट. मग थांबायचं, पिठाला पाणी पिऊ द्यायचं. पुन्हा दाबायचं. वेळ लागला. पण मला कुठे गाडी पकडायची होती?"

मी तिच्या शेजारी खडकावर बसले आणि तिचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. नखांच्या कडेला सुकलेलं पीठ होतं. थंडीने बोटं गार पडली होती.  चार महिने मी ह्या हातामागे लागले होते, आणि तो माझ्या नकळत, केबिनच्या लाकडी जमिनीवर, आपला आपण कामाला लागला होता. मला अपार आनंद झाला होता, आणि त्या आनंदात थोडी असूयाही होती, की मी तिथे नव्हते. "रडतेस काय," आई म्हणाली, "चहा दे."

नंतर ऊन तळ्यावर उतरलं. काकांनी आईला पाण्याच्या कडेला उभं केलं. तिच्यासाठी त्यांनी एक माशी वेगळी ठेवली होती, आकड्याचं टोक पकडीने तोडलेली. शिवाय तिच्या नावाचं एका दिवसाचं लायसन्सही काढलं होतं, कारण काका नियमाच्या बाहेर जात नाहीत. जन्मात कधी अंड्यालाही न शिवलेल्या माझ्या आईकडे कॅलिफोर्नियात मासे पकडायचा परवाना होता. तिने दोरी मागे नेली, थांबली, पुढे सोडली. माशी धुक्याच्या शेवटच्या पदरापाशी जाऊन बसली. एक ट्राउट वर आला, त्याने ती तोंडात घेतली, काठीचं टोक एकदाच वाकलं, आणि त्याने ती थुंकून टाकली.

"आला," आई म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "आला, बघितलं, गेला. इथे कळलं मला." तिने आपल्या मनगटावर बोट ठेवलं.

काकांनी डबीतल्या आणखी काही माश्यांची टोकं त्या दुपारी तोडली. ती सवय त्यांनी कायमची धरली असं मी म्हणणार नाही, पण एक कप्पा मात्र ते अजून तसाच ठेवतात. त्याला ते बाईंचा कप्पा म्हणतात.

केबिनवर आल्यावर आईने उरलेली कणीक बाहेर काढली. लाटणं नव्हतं, तिने काचेची बाटली घेतली. पोळ्या गोल झाल्या नाहीत. बिडाच्या तव्यावर त्या फुगल्या मात्र, आणि गव्हाचा तो खरपूस वास लाकडाच्या वासात मिसळून सगळ्या केबिनभर झाला. काकांनी ताटात पहिली पोळी घेतली आणि काही न लावता तशीच खाल्ली. काकूंच्या हातची पोळी त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. "बाई," ते म्हणाले, "घरी जाताना माझी पाण्यातली काठी घेऊन जा. पायरीवर टेकायला. शेवाळावरसुद्धा घसरत नाही ती."

आईने मान डोलावली. मग पर्समधून किल्ली काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. दादाला फोन तिनेच केला, खाली गावातल्या दुकानाबाहेरच्या फोनवरून, माझं कॉलिंग कार्ड वापरून. मी बाजूला उभी होते. "त्या बँकेतल्या लोकांना दुसरं घर बघायला सांग," ती म्हणाली. मग बराच वेळ दादा बोलत असावा. तिने मधे तोडलं नाही, ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "हो रे, काठी आहे. चांगली आहे, भाऊंची. आणि तू महिन्यातून एकदा ये. जेवायलाच ये."

ह्याला आता काही वर्षं झाली. नितीनची नोकरी तेव्हा गेली नाही, नंतर गेली, आणि दुसरी मिळाली. काकू आणि त्यांची नात दोघी पार्कात येतात. नात काकांना इंग्रजीत सांगते, "आजोबा, यू टॉक टू मच," आणि दोरी टाकते. माझी दोरी अजून कडाडते, पण पूर्वीपेक्षा कमी. मी मागे नेते, मग मनातल्या मनात खिडकीबाहेर बघत उभी राहते, आणि पाठीमागे न दिसणारी दोरी सरळ होत असेल असं धरून चालते. बहुतेक वेळा ती होते. आईचं मनगट कधीच पुरतं वाकलं नाही. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं.

ह्या वर्षी काकांचा फोन आला आणि मी काठी जोडली, तेव्हा मला आठवला तो त्या दिवाळीआधीचा फोन. आई वाईला पोचून आठवडाही झाला नव्हता. मी इथल्या पहाटे, कॉफी हातात घेऊन, काळजीने फोन लावला होता. घर उघडलंस का, कुलूप गंजलं नव्हतं ना, घाटावर गेलीस का, काठी नेलीस ना, हात दुखला का, मी एकामागून एक विचारत सुटले होते.  पलीकडे आई माझं संपायची वाट बघत होती.

"गेले होते," ती मग म्हणाली. "इतक्या महिन्यांनी गेले ना, भुकेले होते गं ते. सगळी कणीक त्यांनीच संपवली, मला पोळीपुरतीही उरली नाही."

"मग जेवलीस काय?"

"घरी येऊन पुन्हा मळली."